आपण म्हणजे नक्की कोण

सातवीच्या वर्गावरचा तो माझा दुसराच दिवस. घाटकोपरच्या त्या मराठी शाळेत बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या एका बाईंच्या जागी मला घेतलं होतं, आणि लग्न होऊन पुण्याहून मुलुंडला येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. तास संपताना मी अगदी गोड आवाजात म्हणाले, "तर मग, उद्या आपण 'माझा आवडता सण' या विषयावर निबंध लिहून आणणार आहोत." सगळा वर्ग एका सुरात "हो बाई" म्हणाला. किती गुणी मुलं, असं मनात म्हणत मी शिक्षकांच्या खोलीत जाऊन चहा प्यायले.

दुसऱ्या दिवशी एकानंही निबंध आणला नव्हता. रागावण्याआधी कारण विचारावं असं बी.एड.ला शिकवलेलं होतं, म्हणून मी कारण विचारलं. मॉनिटर उठून उभा राहिला. देवळात आल्यासारखा चेहरा.

"बाई, तुम्हीच बोललात ना, आपण आणणार."

"हो. मग?"

"मग आम्ही समजलो, तुम्ही आणणार."

वर्गात कोणी हसलं नाही, हे विशेष. सगळे माझ्या पिशवीकडे बघत होते, जणू निबंध आता त्यातून बाहेर येणार. मग हळूहळू माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही मुलं ज्या गल्ल्यांत वाढली तिथं 'आपण' म्हणजे 'मी'. 'आपण कोणाला घाबरत नाय', 'आपल्याला टेन्शन नाय', 'आपण काल मॅच बघितली'. मी पुण्यात वाढले. तिथं 'आपण' म्हणजे तू, मी आणि सगळे, आणि शिक्षिकेच्या तोंडचं 'आपण' म्हणजे फक्त तुम्ही, मी नाही. डॉक्टर नाही का विचारत, 'आज आपण औषध घेतलं का?' त्यांनी स्वतः घेतलेलं नसतं.

खरोखर गैरसमज झाला होता, की नवी बाई किती पाण्यात आहे ते बघत होते, हे मला आजही ठाऊक नाही. तो मॉनिटर आता कॉलेजात जातो. मध्यंतरी मेट्रोच्या जिन्यावर दिसला तेव्हा मी त्याला सरळ विचारलं. तो म्हणाला, "आपल्याला आठवत नाय, बाई."

पण हार मानणं माझ्याही स्वभावात नाही. त्या दिवशी मी म्हणाले, "बरं. आपण आणणार," आणि घरी जाऊन खरोखरच निबंध लिहिला. गणपतीवर. लहानपणी मला ज्या निबंधांना शाबासकी मिळायची तसाच, ठेवणीतली वाक्यं घालून. दुसऱ्या दिवशी तो मोठ्यानं वाचून दाखवला. 'सर्वत्र लगबग सुरू होते. उत्साहाला उधाण येते.' इथवर आले आणि एका मुलानं हात वर केला. त्याचं आजोळ मनोरीला, मामाची मासेमारीची होडी.

"बाई, उधाण कशाला येतं?"

"उत्साहाला."

"उधाणाला आमच्यात होड्या वर ओढून बांधतात. सगळ्यांची वाट लागते. सणाला कोण होड्या बांधत बसणार?"

मग काय, सगळ्यांनाच कंठ फुटला. लगबग म्हणजे काय, मंडप टाकतात तेव्हा लगबग नाय होत, राडा होतो. 'आबालवृद्ध' कोण, ते तुमच्या बिल्डिंगमधले का? शेवटी त्यांनी माझ्या निबंधाला दहापैकी चार दिले. अक्षर चांगलं होतं म्हणून, असंही सांगितलं. त्यानंतर मात्र सगळ्यांनी आपापले निबंध आणले आणि ते माझ्यापेक्षा बरे होते, कारण त्यांतल्या एकातही उत्साहाला उधाण आलं नव्हतं.

तरी माझी खोड जाईना. दुरुस्त करणं हा आमच्या घराण्याचा जोडधंदा आहे. आमच्याकडे लग्नपत्रिका आली की आधी ऱ्हस्वदीर्घ बघतात, मग नवरामुलगा. त्यामुळे कोणी "बाई, मला पेन नाय भेटला" म्हणालं की मी लगेच, "पेन भेटतं का? नमस्कार केलास का त्याला? माणसं भेटतात, वस्तू मिळतात." कोणी "आई बोलली की उद्या सुट्टी घे" म्हणालं की, "आई बोलली नाही, आई म्हणाली." पानी नाही पाणी, कोन नाही कोण. मुलं हसून दुरुस्त करून घेत. त्यांना त्यात खेळ सापडला होता. मुली "मी आली, मी गेली" म्हणायच्या. मी फळ्यावर 'मी आले' असं लिहिलं, तेव्हा मागून एकीचा आवाज आला, "बाई आले बोलल्या की मला चहाच आठवतो."

ही मागून बोलणारी मुलगी डोंगरावरच्या वस्तीतून येई. घर मूळचं जालन्याकडचं, वडील साकीनाक्याला एका गाळ्यात लेथ मशीनवर कामाला. खिडकीजवळच्या बाकावर बसायची आणि बाहेर बघतेय असं वाटत असतानाच नेमकं वर्मावर बोट ठेवायची. एकदा मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यात डबा खात होते आणि तिचे उद्योग बघत होते. नळावर ती ओरडली, "ए, पानी सोड ना, कधीपासून लाईनीत आहे." तेवढ्यात मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, तिथून गेल्या, तर ही नम्रपणे, "बाई, पाणी पिऊ ना?" फाटकाशी एक रिक्षावाला आडवा उभा होता, त्याला तिनं हिंदीत असं काही सुनावलं की तो रिक्षा काढून गेला. आणि मग शिपाईकाकांच्या फोनवरून गावच्या आजीला, "काहून गं आज्जे, गोळ्या घेतल्या नाहीस का?" माझा डबा संपायच्या आत हे सगळं. आणि मी या पोरीला पानी नव्हे पाणी म्हणून शिकवत होते. तिला दोन्ही येत होतं. कुठलं कुठं वापरायचं, तेही येत होतं. मला एकच येत होतं आणि त्याचा मी पगार घेत होते.

हा पगार जूनपर्यंतचाच होता. जुन्या बाई परत येणार की नाहीत ते नक्की नव्हतं. त्या आल्या नाहीत तर ती जागा मला द्यायची की जाहिरात काढायची, हे मोठ्या बाईंच्या हातात होतं. मला ती जागा हवी होती. का ते सांगते. मुलुंडच्या घरात मी अजून पाहुणीच होते. सासूबाई मालवणच्या, मनानं मायाळू, पण स्वयंपाकघराच्या बाबतीत त्यांची हद्द आखलेली. मी आमटीत गूळ टाकायला हात उचलला की मागून आवाज येई, "आमच्यात आमटीत गूळ घालनत नाय गो." रागानं नाही, माहिती म्हणून. पण 'आमच्यात' म्हणजे मी सोडून बाकीचे, हे व्याकरण मला पाठ होतं. म्हणून या शहरात जिथं मी कोणीतरी असेन अशी एक जागा मला हवी होती, आणि त्या आगाऊ सातवीत ती सापडेल असं वाटायला लागलं होतं.

आणि शाळेत काय? शाळेत मोठ्या बाई. लालबागच्या गिरणी कामगाराची मुलगी, स्वतःच्या हिमतीवर शिकलेली, बोलणं इस्त्री केल्यासारखं. त्या मला कधी टाकून बोलल्या नाहीत. फक्त म्हणत, "आमच्या शाळेत भाषेच्या तासाला इतका आवाज होत नाही." "आमच्या शाळेत शिक्षिका बाकावर बसून शिकवत नाहीत." मराठीत ही एक गंमत आहे. 'आपण' म्हटलं की समोरचा माणूस आत येतो, 'आम्ही' म्हटलं की तो दाराबाहेर उभा. पुण्यात ही आमच्या भाषेची श्रीमंती म्हणून मी कौतुकानं सांगत असे. मुंबईत आल्यापासून मी दाराबाहेरच उभी होते. मोठ्या बाई एकदा तरी 'आपल्या शाळेत' म्हणतील म्हणून मी कान टवकारून असायचे. एकदा त्या म्हणाल्या, "आपल्या..." आणि माझा श्वास अडकला. "आपल्या छत्रीचं पाणी गळतंय, ती बाहेर ठेवा."

संक्रांतीला त्या वर्गावर्गात तिळगूळ वाटायला आल्या. स्वतः वाटायच्या, ही त्यांची पद्धत. खिडकीजवळच्या त्या मुलीपाशी थांबल्या आणि प्रेमानं विचारलं, "तुमच्यात संक्रांत करतात का गं?" ती "हो" म्हणाली आणि तिळगूळ घेतला. पुढच्या बाकावरच्या मुलीला हा प्रश्न विचारला नव्हता. मागच्या बाकावरच्या मुलालाही नाही. 'तुमच्यात' हा शब्द विचारणाऱ्याला फार सोज्वळ वाटतो. ज्याला विचारतात त्याला तो बरोबर कळतो. मी तिथंच उभी होते. मला वाईट वाटलं, आणि आमटीच्या गुळाचं माझं दुःख किती गुळचट आहे तेही लक्षात आलं.

फेब्रुवारीत मोठ्या बाईंनी मला बोलावलं. "जुन्या बाई परत येत नाहीत. पुढच्या सोमवारी मी तुमचा तास बघायला येईन. जूनचं काय ते त्यानंतर ठरवते. व्याकरण घ्या. सर्वनामं. व्याकरणात गोंधळ होत नाही."

ही बातमी वर्गाला माझ्याआधी कळली होती. शिपाईकाका आणि सातवी यांच्यात फार चांगले संबंध होते. दुसऱ्या दिवशी खिडकीजवळच्या मुलीनं तास चालू असतानाच विचारलं, "बाई, तुम्ही टेंपरवारी आहात ना?"

"हो."

"म्हणजे मोठ्या बाईंना आवडलं नाय तर तुम्ही जाणार?"

खोटं काय बोलायचं. "हो," मी म्हणाले. "चला, पान उलटा."

पान उलटलं, पण वर्गात कसलीशी कुजबुज सुरू झाली ती आठवडाभर थांबली नाही. मी आत शिरले की सगळे गप्प. मधल्या सुट्टीत मैदानावर सगळी सातवी एका कोपऱ्यात गोल करून बसलेली. मला वाटलं, माझी थट्टा करायचा बेत शिजतोय. मी चांगलीच धास्तावले.

सोमवारी मी मोठ्या बाईंच्या मागोमाग वर्गात शिरले. सगळा वर्ग ताठ उभा राहिला.

"णमस्कार, बाई."

मला वाटलं, माझ्याच कानात काही झालंय. मोठ्या बाई शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. मी सर्वनामं सुरू केली. एका मुलानं अदबीनं हात वर केला. "बाई, पुस्तकाचं कितवं पाण काढू?" दुसरी म्हणाली, "बाई, ऊण येतंय, खिडकी लावू का?" तोवर माझ्या लक्षात आलं होतं. हे माझी थट्टा करत नव्हते. हे मला वाचवत होते. बाईंची नोकरी टिकवायची तर शुद्ध बोलायचं, असं ठरवून ही पोरं आठवडाभर सराव करत बसली होती, आणि 'न' हा मुळातच अशुद्ध असणार, असा त्यांनी एकमतानं निकाल लावला होता.

"नामाच्या जागी सर्वनाम येईल असं एक वाक्य सांगा," मी कसंबसं म्हणाले.

मॉनिटर उठला. "काल रस्त्यात मला माझे आजोबा मिळाले."

मागून मोठ्या बाईंनी काळजीनं विचारलं, "हरवले होते का रे?"

"णाही. ते स्टेशणला चालले होते. मग मी त्यांच्याशी पुष्कळ वेळ म्हणालो."

"काय म्हणालास?"

"काही णाही. णुसतंच म्हणालो."

मोठ्या बाईंनी चष्मा वर सरकवला. त्यांना काही कळत नव्हतं आणि मला सगळं कळत होतं. 'भेटला' नाही 'मिळाला' म्हणा, असं मी सांगितलं होतं, म्हणून आजोबासुद्धा मिळाले. 'बोलली' नाही 'म्हणाली', म्हणून तो बिचारा आजोबांशी बोलला नाही, नुसताच म्हणाला. मी जेवढं म्हणून दुरुस्त केलं होतं ते दुप्पट होऊन माझ्यासमोर उभं होतं, आणि तेही प्रेमानं. मला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही करता येत नव्हतं, कारण तास चालू होता. मुलाला 'हे चूक' एवढंच सांगितलं, कुठं चूक आणि कुणाच्या कानाला चूक ते सांगितलं नाही, की तो आपलं सगळंच चूक समजतो. हे मला बी.एड.ला कोणी शिकवलं नव्हतं. ते त्या 'स्टेशणला' चाललेल्या आजोबांनी शिकवलं.

"जरा थांबा," मोठ्या बाई उठून पुढे आल्या. "मुलांनो, सोपा प्रश्न. 'आम्ही' आणि 'आपण' यांत फरक काय?"

पाठ केलेल्यात हा प्रश्न नव्हता. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. खिडकीजवळची ती उठली. विचार करताना ती शुद्ध बोलायचं विसरून गेली.

"आम्ही बोललं की समोरचा भायेर. आपण बोललं की समोरचा पन आत."

"शाबास," मोठ्या बाई खूष झाल्या. "उदाहरण?"

"तुम्ही आमच्या बाईंना सारखं 'आमच्या शाळेत' बोलता. म्हणजे बाई भायेर."

माझे कान तापले. कान टवकारून मी एकटीच बसलेय असं मला वाटत होतं. ही पोरगी माझ्या आधीपासून ऐकत होती.

मोठ्या बाईंनी रागवायला हवं होतं. त्या रागावल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "आणि तू? तू आत की बाहेर?"

तिनं खरोखर विचार केला. उलट उत्तर द्यायचं म्हणून दिलं नाही. "मला तुम्ही 'तुमच्यात' बोलता ना, संक्रांतीला बोललात. म्हणजे मी पन भायेर." मग माझ्याकडे बघून हिशेब लागल्यासारखी म्हणाली, "आम्ही दोघी भायेर."

आम्ही दोघी. त्या 'आम्ही'त मी होते आणि ती होती. मोठ्या बाई नव्हत्या. तिनं हे मुद्दाम केलं नव्हतं, व्याकरणानंच तसं केलं होतं. पण मोठ्या बाई व्याकरण फार चांगल्या जाणत. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. इतकी वर्षं ज्या शाळेला त्यांनी आमची म्हटलं, त्या शाळेत एका सातवीतल्या मुलीनं त्यांना दाराबाहेर उभं केलं होतं, आणि बाहेर कसं वाटतं हे त्यांना समजलंय, हे सरळ दिसत होतं. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"बस," त्या तिला म्हणाल्या. तेवढ्यात घंटा झाली. जाताना दारातून माझ्याकडे वळल्या. "राहिलेलं आपण उद्या करू."

घरी जाईपर्यंत मी त्या वाक्याची चिरफाड करत होते. 'आपण' म्हणजे त्या आणि मी? म्हणजे मी आत? की पुण्याच्या शिक्षिकेचं 'आपण', म्हणजे तुमचं तुम्ही करा? की 'राहिलेलं' म्हणजे माझा हिशेब, तो उद्या चुकता? दार उघडताना माझ्या तोंडून "मी आली" असं निघून गेलं, इतकी मी तंद्रीत होते. सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मासळी साफ करताकरता ऐकून घेतलं. "'बघूया' म्हटल्यान असता तर गोष्ट येगळी. 'करूया' म्हटल्यान मा? मगे गप जेव," असा निकाल देऊन त्या पुन्हा मासळीकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले तर फळा कोरा पुसलेला आणि सगळे हाताची घडी घालून बसलेले.

"वह्या काढा," मी म्हणाले.

"नाय बाई, तुम्ही नका शिकवू," मॉनिटर म्हणाला. "मोठ्या बाई बोलल्या, आपण उद्या करू. त्या करणार. शिपाईकाकांना बोलवायला पाठवलंय."

त्याला गप्प बसवेपर्यंत मोठ्या बाई दारात. "कोणी बोलावलं मला?"

"तुम्हीच बोललात ना, आपण करू," वर्ग एका सुरात म्हणाला. चेहरे देवळात आल्यासारखे.

मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. या वर्गाचा आणि 'आपण'चा पूर्वेतिहास त्यांना सांगायची ती वेळ नव्हती. त्या आत आल्या, खडू उचलला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आपण'.

"सांगा," त्या म्हणाल्या. "कोण कोण म्हणतं, कोणाला म्हणतं, कुठे म्हणतं. शुद्ध बोलायची गरज नाही. आणि तो 'ण' आवरा."

असा तास मी पुन्हा बघितला नाही. 'आपण नाय घाबरत' म्हणजे मी, हे मैदानावर. 'आपण बसावं' म्हणजे तुम्ही, हे पाहुण्यांना. 'आपण जाऊ' म्हणजे सगळे. 'तो आपण होऊन आला' म्हणजे स्वतःहून, हे पुस्तकातलं. मोठ्या बाई एकेक लिहीत होत्या आणि पुढे कंसात 'गल्लीत', 'सभेत', 'घरी' असं घालत होत्या. एकाही वाक्यावर त्यांनी काट मारली नाही. मग मॉनिटरनं हात वर केला. "मोठ्या बाई, आई पप्पांना 'आमचे हे' बोलते. 'आपले हे' का नाय बोलत?"

मोठ्या बाई हसल्या. आधी तोंडावर हात ठेवून आणि मग नुसत्याच, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "ते तुझ्या आईला विचार, आणि विचारताना लांब उभा राहा." हे त्यांचं बोलणं इस्त्रीचं नव्हतं. ते लालबागच्या चाळीतलं होतं, आणि त्यांना फार शोभत होतं.

घंटा होत आली. त्या खडूचे हात झटकत उठल्या. "पुरे आता. राहिलेली सर्वनामं जूनमध्ये. आठवीला आपल्या बाई घेतील."

सगळा वर्ग एकदम वळून माझ्याकडे बघून हसायला लागला. मी पुन्हा पंख्याकडे बघितलं, कारण दुसरीकडे बघितलं असतं तर रडले असते. मोठ्या बाईंना काही समजेना. आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

"काय झालं? हसताय काय?"

खिडकीजवळची ती म्हणाली, "काय नाय, मोठ्या बाई. आपली गंमत."

मोठ्या बाई दाराकडे निघाल्या होत्या, त्या थांबल्या. फळ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. विचारायला त्यांना थोडं जड गेलं असावं, कारण आवाज अगदी हळू होता.

"यातलं कुठलं 'आपली'?"

ती मुलगी फळ्यावरची सगळी वाक्यं वरपासून खालपर्यंत वाचत गेली. घाई केली नाही.

"तुम्हाला धरून," ती म्हणाली.

मोठ्या बाईंनी मान हलवली, खडू माझ्या हातात दिला आणि फळा न पुसताच बाहेर गेल्या.